अर्थमितीय संशोधनाची पडताळणी : आधारसामग्री व आज्ञावलीची उपलब्धता

कालश्रेणीवर आधारित निष्कर्षाची पडताळणी केवळ प्रकाशित सूत्रांवरून होत नाही. त्यासाठी मूळ आधारसामग्री व संगणकीय आज्ञावलीही उपलब्ध असावी लागते. राइनहार्ट व रोगॉफ यांनी २०१० मध्ये १९४६ ते २००९ या काळासाठी, सार्वजनिक कर्ज स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असलेल्या प्रगत देशांचा सरासरी वृद्धिदर उणे ०.१ टक्का दर्शविला होता. हर्न्डन, अ‍ॅश व पॉलिन यांनी मूळ एक्सेल फाईल तपासली असता पाच देश गणनेतून सुटल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. ही चूक, वगळलेली वर्षे व भारांकन यांत दुरुस्ती करता तोच दर २.२ टक्के आला. राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडेही वेळोवेळी सुधारले जातात. म्हणून आकडे कोणत्या तारखेचे व आज्ञावलीची आवृत्ती कोणती, याची नोंद शोधनिबंधासोबत असणे आवश्यक ठरते.