मोगली पडद्यावर गेला, जंगल मागेच राहिले

जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे गाव लागते. हिरन नदीचा उगम इथलाच. पुढे ती नर्मदेला मिळते. परिसर गोंड आदिवासींचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुले गळू लागली की लहानथोर सगळे भल्या पहाटे टोपल्या घेऊन झाडांखाली जातात. अशा गावातल्या एखाद्या शाळकरी मुलाला विचारावे, ‘‘मोगली कुठला रे?’’ तर तो बहुधा म्हणेल, ‘‘टीव्हीतला!’’ पुण्या-मुंबईच्या मुलाचे उत्तरही याहून वेगळे येणार नाही.

पण मोगली टीव्हीतला नाही. तो याच मुलखातला आहे. जबलपूर ओलांडून नागपूरच्या दिशेने निघाले की शिवनी जिल्हा लागतो. तिथल्या टेकड्यांत तो लांडग्यांच्या पिल्लांबरोबर वाढला. शिवनीतच उगम पावून भंडारा-गडचिरोलीकडे उतरणारी वैनगंगा ही त्याची नदी. म्हणजे मराठी वाचकाचा तर तो सख्खा शेजारीच! मग हे आपल्याला ठाऊक का नसते? कारण आपण मोगलीला पाहिले आहे, वाचलेले नाही.

हिमवर्षावात लिहिलेले जंगल

‘द जंगल बुक’चा लेखक रडयार्ड किपलिंग जन्माने मुंबईकर. ३० डिसेंबर १८६५ रोजी तो मुंबईत जन्मला. त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. गंमत अशी की मोगलीच्या कथा त्याने भारतात लिहिल्याच नाहीत. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बाहेर बर्फ पडत असताना त्याने शिवनीचे ऊन रंगवले. पहिला भाग १८९४ मध्ये आणि दुसरा १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. शिवनीचे जंगल त्याने स्वतः पाहिले नव्हते, असेच अभ्यासक मानतात. सातपुड्यातील शिकारी-जीवनावर स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८७७ मध्ये लिहिलेले पुस्तक त्याच्या उपयोगी पडले.

लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकीकतीही तेव्हा प्रसिद्ध होत्या. त्या नोंदवणाऱ्यांत एक होता विल्यम स्लीमन. जबलपुरात राहून ठगांचा बंदोबस्त करणारा हाच तो अधिकारी! स्लीमनाबाद हे गाव आजही त्याचे नाव सांगते. त्याच्या हकीकती बहुतेक अवध प्रांतातल्या होत्या. पण १८५२ मध्ये त्या पुस्तिकेच्या रूपाने छापल्या गेल्या आणि लांडग्यांतल्या बालकाची कल्पना घरोघर पोचली.

मित्राचा झाला शत्रू

आता पडद्याकडे वळू या. वॉल्ट डिस्नेचा १९६७ चा व्यंगपट जगभर गाजला. त्याची पहिली पटकथा बिल पीट याने पुस्तकाला धरून, गंभीर सुरात लिहिली होती. डिस्नेला ती पसंत पडली नाही. मतभेद झाले आणि पीट स्टुडिओ सोडून गेला. नंतर कथेत गाणी आली, नाच आला, विनोद आला.

त्यात कोणाकोणाचे काय झाले पाहा. पुस्तकातला ‘का’ हा अजगर मोगलीचा मित्र आणि गुरू. माकडांनी मोगलीला पळवून एका ओसाड शहरात नेले, तेव्हा त्याला सोडवायला हाच धावून जातो. चित्रपटात तो मोगलीला गिळू पाहणारा दुष्ट झाला. माकडांचा राजा लुई तर पुस्तकात नाहीच. माकडांना कोणी पुढारी नाही, काही लक्षात ठेवणे त्यांना जमत नाही, हीच त्यांची खोड किपलिंगने सांगितली आहे. शिवाय राजा लुई आहे ओरांगउटान. तो भारतातल्या जंगलात सापडणार कुठून? जंगलाचा वडीलधारा, गंभीर हत्ती पडद्यावर कवायत घेणारा विनोदी कर्नल बनला. उदेपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मलेल्या आणि मानेवर पट्ट्याची खूण लपवून जगणाऱ्या बघीराचे दुःखही गळाले.

शेरखानचा शेवटही बदलला. चित्रपटात शेपटीला जळती फांदी बांधली जाताच तो पळ काढतो. पुस्तकात मात्र गुराखी झालेला मोगली म्हशींचे दोन कळप घळीच्या दोन टोकांनी आणतो आणि त्यांच्या खुरांखाली वाघाला मारतो. हातात बंदूक नाही, अंगात दैवी शक्ती नाही. आहे ती गुरे राखणाऱ्या पोराची अक्कल!

गोंड शिकारी कुठे गेला?

पण सर्वांत मोठी काटछाट वेगळीच आहे. गावकरी मोगलीला चेटक्या ठरवून हाकलतात आणि त्याला मुलासारखे सांभाळणाऱ्या मेसुआला नवऱ्यासकट जाळायला निघतात. मोगली त्या दोघांना सोडवतो आणि रानातल्या जनावरांकरवी त्या गावाची शेतेच्या शेते तुडवून टाकतो. आपल्यावर कुठल्या दैवताचा कोप झाला हे विचारायला घाबरलेले गावकरी रानातल्या गोंडाला बोलावतात. तो धनुष्य घेऊन येतो. एक शब्द बोलत नाही. कडू रानकारल्याचा वेल उचलून देवळाच्या दाराला आडवा गुंफतो आणि हाताने गाव सोडून जाण्याची खूण करून निघून जातो. पावसाळा सरतो तेव्हा गावाच्या जागी रान माजलेले असते.

हा प्रसंग डिस्नेच्या एकाही चित्रपटात नाही. कुंडमच्या मुलाला आपला माणूस जिथे भेटला असता, नेमके तेच पान गळाले. अवर्षणाच्या कथेत संकटाची खूण म्हणून मोहाचे न फुललेले झाड येते. मोहावर ज्यांचे घर चालते त्यांना या एका खुणेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. व्यंगपटात मोह नाही, अवर्षणही नाही.

अर्थात पुस्तकही निर्दोष नाही. त्या कथेत गोंडाला नावसुद्धा दिलेले नाही, आणि मेसुआला आसरा मिळतो तो इंग्रज साहेबाच्या राज्यात. लेखक साम्राज्याचा अभिमानी होता, हे विसरून ते वाचता येत नाही.

पडद्याची बाजू

मग चित्रपट टाकाऊच का? मुळीच नाही. पुस्तकाचे दीडशे शब्दांचे वर्णन पडदा क्षणात डोळ्यांपुढे उभे करतो. जपानमध्ये १९८९ साली तयार झालेली मोगलीची ५२ भागांची मालिका १९९० च्या दशकात दूरदर्शनवर हिंदीत आली, तेव्हा रविवारी सकाळी घराघरांतली मुले दूरचित्रवाणीसमोरून हलत नसत. गुलजारांचे शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज! पुढे २०१६ च्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखान त्यांच्याच आवाजात गुरगुरला. जॉन फॅव्रोच्या त्या चित्रपटाचे जंगल लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत संगणकावर उभे राहिले होते. तरीही पाणवठ्यावरचा जनावरांचा तह त्यात पुस्तकातून परत आला. अँडी सर्किसच्या २०१८ च्या चित्रपटाने मूळचा गंभीर सूर जपला. सोव्हिएत रशियातही १९६७ ते १९७१ या काळात पाच भागांचा व्यंगपट निघाला. त्यात बघीरा मादी आहे, पण कथेचा करारीपणा कायम आहे.

प्रत्येक देशाने आपल्या मनासारखा मोगली घडवला. मग ज्या मातीतला मोगली, तिथल्या माणसांचे काय?

पाटणगडचे उत्तर

याचे एक सुरेख उत्तर दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगडहून आले आहे. तिथले गोंड चित्रकार भज्जू श्याम एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला लंडनला गेले. परतल्यावर त्यांनी पाहिलेले शहर आपल्या शैलीत रंगवले. जमिनीखालून धावणारी रेल्वे त्यांना गांडुळासारखी दिसली. बिग बेनचे घड्याळ कोंबड्याशी एकरूप झाले, कारण दोघेही वेळ सांगतात! २००४ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सने ते पुस्तक काढले. नाव ठेवले ‘द लंडन जंगल बुक’. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. किपलिंगच्या कथेत मुका राहिलेला गोंड सुमारे एकशे दहा वर्षांत साहेबाच्या शहराची गोष्ट सांगू लागला, ती अशी.

आईवडिलांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलांना चित्रपट जरूर दाखवा. पण दिवे लागल्यावर तिथेच थांबू नका. त्या आठवड्यात रोज रात्री मूळ कथेतली चार पाने वाचून दाखवा आणि मुलांनाच विचारा, ‘‘सांगा बरं, काय बदललं? का बदललं असेल?’’ मग भिंतीवरच्या नकाशात वैनगंगा शोधा, शिवनी शोधा, जवळच कुंडमही शोधा. मोगली टीव्हीतला नाही, आपल्याकडचा आहे, हे ज्या मुलाला कळेल, त्याला खिडकीबाहेरच्या झाडाचे नावही विचारावेसे वाटेल.