गाडी दाबली की ओरडते, ती का?

नांदेडला असो की लातूरला, व्याख्यान संपवून खाली उतरलो की आम्हाला हमखास विचारतात, "सर, गाडी उभी असताना काही नाही, पण एक्सलेटर दाबला की ओरडते. काय झालं असेल?" आज त्याचंच बोलू.

आधी हे बघू की दाबल्यावरच आवाज का वाढतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतं तेव्हा आत सेकंदाला १०० स्फोट होतात. तो आवाज दाबून टाकणं हे सायलेन्सरचं काम. आपण पाय दाबला की इंजिनात हवा आणि इंधन जास्त जातं, धुराचा दाब वाढतो, शिवाय इंजिन आपल्या बैठकीवर पीळ खातं. म्हणजे जी फट एरवी गप्प असते ती आता बोलायला लागते. नांदेड गोदाकाठी, लातूर बालाघाटाच्या पठारावर. त्यामुळे लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाताना गाडीला एकंदरीत चढ लागतो, आणि येताना न कळलेला आवाज जाताना कळतो.

आता शोधायचं कसं? आम्ही तीन प्रश्न विचारतो.

पहिला: गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस दिली तर आवाज येतो का? येत असेल तर दोष इंजिन, बेल्ट किंवा धुराच्या पाइपात आहे. सकाळी थंड गाडीला फट्-फट् जास्त आणि गरम झाल्यावर कमी, असं असेल तर इंजिनाजवळचं पॅकिंग गेलेलं असू शकतं. तापल्यावर लोखंड फुगतं आणि फट थोडी बुजते. जोडाभोवती काजळी दिसली तर गळती तिथेच समजा. नुसता पत्रा खडखडत असेल तर उष्णतेच्या आडोशाचा पत्रा सुटलेला असतो, एका क्लिपेचं काम. चिरकल्यासारखा आवाज असेल तर बेल्ट बघा.

दुसरा: आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की चाकांच्या वेगाबरोबर? मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर ५०-६० च्या वेगात क्षणभर न्यूट्रल करा. किल्ली मात्र बंद करायची नाही, बरं का. स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. घुंऽऽ आवाज तसाच राहिला तर चाकाचं बेअरिंग नाहीतर टायर. डावीकडे वळताना वाढला तर बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग, कारण भार तिकडे जातो. पूर्ण वळवून गाडी काढताना कट्-कट् वाजलं तर एक्सलचा जॉइंट. त्याचं रबर फाटतं, ग्रीस बाहेर जातं, आपल्याकडची काळी माती आत जाते. रबर फाटल्या-फाटल्या बदललं तर जॉइंट वाचतो.

तिसरा: आवाजाबरोबर ताकदही गेली का? डिझेल गाडीत फुस्स आवाज, काळा धूर आणि पिकअप नाही, असं असेल तर टर्बोचा होज फाटला किंवा निसटला असेल. पेट्रोल गाडीत चढावर टिक-टिक वाजत असेल तर आधी खालचा गिअर टाका. थांबलं तर दोष आपल्या सवयीचा! पाचव्यात ४० ने चढ चढायचा नसतो. नाही थांबलं तर इंजिन जास्त तापतंय का, कार्बन साठलाय का, प्लग कसे आहेत, ते तपासून घ्या.

आता एक घरचीच गोष्ट. मागे आम्ही कुटुंबासह नांदेडहून लातूरला निघालो. गाडी चढावर घरघरत होती. "पोचल्यावर दाखवू" म्हणालो. काचा बंद, एसी चालू. माळेगावच्या पुढे लेकराला उलटी झाली, हिचं डोकं दुखायला लागलं. आम्ही म्हटलं, गाडी लागली असेल. पण जिला कधी गाडी लागत नाही तिलाही मळमळायला लागलं, तेव्हा थांबलो. खाली उतरून मोकळ्या हवेत बसल्यावर सगळ्यांना बरं वाटलं. तपासल्यावर निघालं काय? धुराचा पाइप पुढेच तडकला होता आणि फ्लोअरचं एक रबरी बूच गायब होतं.

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणं गाडी लागल्यासारखीच असतात, म्हणून माणूस फसतो. झोपलेल्याला तर कळतही नाही. मोठ्या आवाजाबरोबर एकापेक्षा जास्त जणांना असं झालं तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा. गुंगी उतरत नसेल तर थेट दवाखाना.

दुरुस्ती अवघड नसते. पॅकिंग बदलतं, पाइप वेल्डिंग होतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स जळायची भीती. "आतली जाळी काढून टाकू, गाडी मोकळी पळेल" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. आवाजही वाढतो आणि प्रदूषणही.

आणि मिस्त्रीला नुसतं "आवाज येतो" सांगू नका. थंड की गरम, उभी की चालती, सरळ की वळणावर, हे सांगा आणि ट्रायलला शेजारी बसा. अंदाजाने चार पार्ट बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. पुढच्या प्रवासात काचा थोड्या उघड्या ठेवून एकदा नीट ऐका. आवाज असेल तर आधी गॅरेज, मग लातूर.