आजोबांचा का-बार घासून चमकवू नका!

अमेरिकेत शिकारीच्या सामानाच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी आजोबांचा का-बार चाकू काढतोच. १९४२ मध्ये मरीन सैनिकांसाठी स्वीकारलेला, ७ इंची पात्याचा. मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली. डबे फोडायला, खड्डे खणायलाही राबलेला. हरणाचं कातडं सोलायला मात्र आखूड पातंच बरं, हे माझं ठाम मत!

वारशात मिळालाच तर पॉलिश नको, नवी धार तर नकोच. काळवंडलेलं पोलाद आणि म्यानावर खरवडलेली आद्याक्षरं, खरी किंमत त्यांचीच. ठेवताना म्यानातून बाहेर काढा. चामडं ओल धरतं, पातं गंजतं. तेलाचा पातळ हात पुरे. शिक्का कॅमिलस या कंपनीचा निघाला तर दचकू नका, त्यांनीही हे चाकू बनवले. आणि आजोबांचं नाव, तुकडी, साल लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवाच.