रोजच्या विश्वासासाठी जॉन वेस्ली यांचे उपदेश

दैनंदिन जीवनात विश्वास दृढ व्हावा अशी इच्छा असणाऱ्या ख्रिस्ती वाचकाने मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली (1703–1791) यांचे उपदेश अवश्य वाचावेत, कारण 1739 पासून ब्रिस्टल परिसरात खाणकामगारांपुढे उघड्यावर बोलणाऱ्या या धर्मोपदेशकाने सामान्य माणसाला समजेल अशीच भाषा जाणीवपूर्वक वापरली.

आरंभ 1760 मध्ये छापलेल्या, पैशाच्या विनियोगावरील उपदेशापासून करणे सर्वांत उचित ठरेल. लूक 16:9 या वचनावर आधारलेल्या या उपदेशात कमावणे, वाचवणे आणि देणे असे तीन नियम सांगितले असून, त्यांपैकी पहिल्याला वेस्ली कठोर मर्यादा घालतात: स्वतःचे आरोग्य बिघडवणारे काम, जसे विषारी खनिजे हाताळण्याचे, विश्वासणाऱ्याने पत्करू नये आणि शेजाऱ्याची हानी करणारा दारूसारखा धंदाही करू नये. तिसरा नियम पाळला नाही, तर पहिले दोन व्यर्थ होत, हे त्यांचे प्रतिपादन आजच्या पगारदार कुटुंबालाही थेट भिडते, आणि म्हणूनच हा उपदेश इतर अनेकांहून मोलाचा वाटतो.

त्यानंतर ‘कृपेची साधने’, म्हणजे देवाची कृपा माणसापर्यंत पोहोचवणारे प्रार्थना, शास्त्रवाचन व प्रभुभोजन हे नेमलेले मार्ग, यांवरील उपदेश वाचावा. मत्तयाच्या 5 ते 7 या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनाचे विवरण करणारे 13 उपदेश मात्र आठवड्याला एक अशा सावकाश गतीने, शक्यतो कुटुंबासह वाचणे श्रेयस्कर होय.