तिकीट काढलं, हजेरीचं काय?

मे महिन्याच्या सहलीचं तिकीट जानेवारीतच निघालेलं असतं. हॉटेल ठरलेलं, गाडी ठरलेली, कुणाकडे किती स्वेटर आहेत याचीही उजळणी झालेली. चेक-इन तेवढं 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून मागे पडतं. मग निघायच्या आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज पडतो : 'आईंना चौथी रांग आणि चिंगीला एकोणिसावी दाखवतंय. असं कसं?'

असं होतं, कारण विमानाचं तिकीट आणि विमानातली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट काढणं म्हणजे 'येतो' असं कळवणं, आणि चेक-इन म्हणजे 'आलो' अशी हजेरी लावणं. रेल्वेचं तिकीट कन्फर्म झालं की बहुधा डबा आणि बर्थही कळतो, म्हणून आपल्याला हा फरक पटकन लक्षात येत नाही. विमान कंपनी तिकीट विकताना प्रवासाची हमी देते. आसन क्रमांक मात्र आधी निवडला नसेल तर हजेरीच्या वेळी ठरतो. कोण कुठे बसणार, बॅगा किती, विमानाचं वजन किती, बसलेला माणूस तोच आहे का, हे सगळं त्या हजेरीवर अवलंबून असतं. हे ध्यानात आलं की विमानतळावरचे बरेच जाचक वाटणारे नियम आपोआप उलगडतात.

कुटुंब म्हणजे एक पीएनआर

रेल्वेचा पीएनआर दहा आकडी असतो, विमानाचा सहा अक्षरांचा. कंपनीच्या संगणकाला नातीगोती कळत नाहीत, फक्त हा पीएनआर कळतो. आजी-आजोबांचं तिकीट आत्याने तिच्या कार्डावर काढलं आणि बाकीच्यांचं बाबांनी, तर एकाच विमानातली ही माणसं संगणकाच्या लेखी एकमेकांना अनोळखी असतात.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यायलाच हवी. पण त्यातली अट नीट वाचावी : पालक त्याच पीएनआरवर असला पाहिजे. मुलं मामाच्या बुकिंगमध्ये आणि आई-बाबा वेगळ्या बुकिंगमध्ये, अशी विभागणी केली की हे संरक्षण हातचं जातं. म्हणून स्वस्त भाड्यासाठी तिकिटं तोडून काढायची झाली, तरी प्रत्येक मुलाबरोबर एक पालक राहील असंच तोडावं.

देशांतर्गत उड्डाणांसाठी बहुतेक भारतीय कंपन्यांचं वेब चेक-इन ४८ तास आधी खुलं होतं. फुकटातल्या जागा तेव्हा सर्वांत जास्त शिल्लक असतात. जसजसा वेळ जातो तसतशा खिडक्या आणि कडेच्या जागा संपतात आणि मधल्या उरतात. आणीबाणीच्या दारालगतची ऐसपैस रांग मुलांना किंवा मदत लागणाऱ्या ज्येष्ठांना मिळत नाही, कारण वेळ पडली तर दार उघडायचं काम तिथल्या प्रवाशाचं असतं.

तान्ह्या बाळाची गोष्ट आणखी वेगळी. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं, पण हवा तेवढ्या मांड्यांवर हवी तेवढी बाळं बसवता येत नाहीत. एअरबससारख्या विमानात तीन आसनांच्या डोक्यावर सहसा चार ऑक्सिजन मास्क असतात, म्हणजे त्या तिघांमध्ये एकच बाळ. दोन जावांची दोन बाळं शेजारी-शेजारी बसवायचा बेत इथे फिसकटतो. वयाचा दाखला सोबत ठेवावा. सहलीच्या मधेच बाळाचा दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीला त्याला स्वतंत्र आसन आणि तिकीट लागतं.

काउंटर तासभर आधी का बंद होतो?

विमान काचेपलीकडे उभं दिसत असतं आणि काउंटरवरची मुलगी म्हणते, 'सर, क्लोज झालं.' यावरून होणारी भांडणं कुठल्याही विमानतळाला नवी नाहीत. देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट साधारण २५ मिनिटं आधी. परदेशी उड्डाणांना त्याहून जास्त वेळ धरतात. मधल्या वेळात हजेरी लावलेले किती, त्यात मुलं किती, बॅगांचं वजन किती आणि त्या विमानाच्या पोटात कुठे ठेवायच्या, याचा हिशेब होतो. विमानाचा तोल पुढे-मागे किती झुकतोय हे त्यावरून ठरतं आणि तो कागद वैमानिकाच्या हाती गेल्याशिवाय विमान हलत नाही. एटीआरसारख्या छोट्या विमानात कधी कधी चार-पाच जणांना मागच्या रांगेत बसायला सांगतात, तेही याच हिशेबापायी.

दुसरं कारण सुरक्षेचं आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ स्फोटाने कोसळलं आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. स्फोटकं असलेली बॅग व्हँकुव्हरला चेक-इन झाली होती, तिचा मालक मात्र विमानात चढलाच नव्हता. प्रवासी आणि बॅग यांची जुळणी करण्याचे नियम त्यानंतर जगभर कडक झाले. आज बॅग देऊन एखादा प्रवासी गेटवर आलाच नाही, तर ती बॅग पोटातून शोधून उतरवावी लागते. गेटवर कुणाच्या तरी नावाचा पुन्हा पुन्हा पुकारा होतो, तो उगाच नव्हे. 'तुम्ही व्हा पुढे, मी जरा कॉफी घेऊन येतो' म्हणणाऱ्या काकांनी एवढं लक्षात ठेवावं.

ठिपक्यांच्या चौकोनात काय असतं?

बोर्डिंग पासवरच्या बारकोडचा साचा जगभर एकच आहे. पूर्वी पासावर चुंबकीय पट्टी असायची. २०१० च्या अखेरीपर्यंत 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने सगळ्यांना बारकोडवर आणलं. त्या ठिपक्यांत आपलं नाव, पीएनआर, कुठून कुठे, उड्डाण क्रमांक, वर्ग, आसन आणि हजेरीचा क्रमांक असतो. तारीख दिवस-महिना अशी नसते, वर्षातला कितवा दिवस ते असतं. १५ मे असेल तर १३५. पासावर 'सीक' म्हणून जो आकडा दिसतो, तो त्या उड्डाणाला कितव्या क्रमांकाने चेक-इन झालं याचा.

म्हणूनच पासाचा फोटो स्टेटसला लावणं बरं नव्हे. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर अनेक कंपन्यांच्या साइटवर पूर्ण बुकिंग उघडतं. नाव बोटाने झाकलं तरी बारकोड सगळं बोलून जातो.

पास फोनवर चालतो, पण आठ जणांचे पास बाबांच्या एकाच फोनवर असले की गंमत सुरक्षा तपासणीला होते. आपल्याकडे बायकांची झडती पडद्याआड, वेगळ्या रांगेत होते. फोन बाबांच्या ट्रेमधून यंत्रात जातो आणि पलीकडच्या रांगेत आई, आजी, चिंगी हात हलवत उभ्या! प्रत्येकीचा पास तिच्या फोनवर पाठवावा आणि आजी-आजोबांसाठी सरळ कागदी प्रत काढावी. काउंटरवर पास मागितला म्हणून वेगळे पैसे घेता येणार नाहीत, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलेलं आहे.

नाव, तारीख आणि विमानतळ

आपली नावं तीन पदरी : नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. बुकिंगमध्ये मात्र दोनच रकाने. देशात नाव-आडनाव ओळखपत्राशी जुळलं की भागतं. परदेशी जाताना पासपोर्टवर जसं आहे तसंच लागतं. लग्नानंतरचं आडनाव तिकिटावर आणि माहेरचं पासपोर्टवर, हा घोळ काउंटरवर निस्तरणं कठीण असतं. परदेशी उड्डाणांना कधी कधी वेब चेक-इन होऊनही पास मिळत नाही, कारण व्हिसा नसलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा भुर्दंड कंपनीवर पडतो. त्यामुळे कागद त्यांना डोळ्यांनी पाहायचे असतात.

तारखेचा सापळा मध्यरात्रीचा. १५ तारखेचं रात्री १२.४० चं विमान असेल, तर घरातून १४ च्या संध्याकाळीच निघायचं. शिवाय पासावर ठळक छापलेली वेळ बहुधा गेटवर पोचायची असते, उड्डाणाची नव्हे.

विमानतळाचं नावही पुन्हा वाचावं. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दाबोळी आणि पेडण्याजवळचं मोपा अशी दोन विमानतळं आहेत, एक दक्षिणेला, दुसरं उत्तरेच्या टोकाला. डिसेंबर २०२५ पासून मुंबईकरांनाही सांताक्रूझ की नवी मुंबई, हे पाहावं लागतं. श्रीनगरला परतीच्या दिवशी वेळ आणखी हाताशी ठेवावा. तिथे टर्मिनलच्या बऱ्याच अलीकडे सगळं सामान गाडीतून उतरवून तपासतात आणि मग परत चढवायचं.

बॅगा देताना

एका पीएनआरवरच्या बॅगांचं वजन सहसा एकत्र धरतात, म्हणून सगळ्यांनी एकदमच काउंटरवर जावं. पण एकच अगडबंब बॅग करू नये. उचलणाऱ्यांच्या पाठीचा विचार करून एका बॅगेला ३२ किलोंची मर्यादा असते. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवायची, पोटात लिथियम बॅटरीने पेट घेतला तर विझवायला तिथे कुणी नसतं. सुकं खोबरं काउंटरवर दिलेल्या बॅगेत चालत नाही, कारण तेलाच्या अंशामुळे ते आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात मोडतं. तेव्हा मावशीने बांधून दिलेल्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच राहू द्याव्यात. टॅगचा दहा आकडी क्रमांक असलेली चिठ्ठी जपावी. बॅग हरवली तर शोध त्या क्रमांकाने होतो.

वेळेत पोचलात तर हक्क तुमचा

एवढं करूनही जागा नाही म्हणून प्रवेश नाकारला जाऊ शकतो, कारण काही प्रवासी येणार नाहीत असं गृहीत धरून कंपन्या जास्त तिकिटं विकतात. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे तासाभरात दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. २४ तासांत दिलं तर मूळ एकेरी भाडं आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. अट एकच : कन्फर्म तिकीट घेऊन प्रवासी वेळेत हजर झालेला हवा. उशिरा पोचलेल्याला यातला रुपयाही मिळत नाही. तेव्हा घरातल्या कुणा एकाच्या अंगावर हे काम टाकावं, ४८ तास आधीचा गजर त्याच्या फोनवर लावावा, आणि त्याला खिडकी द्यावी.