बंदुकीचा परवाना आणि पोराचा व्हिसा

‘बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला की सगळी माहिती इमिग्रेशनकडे जाते आणि अमेरिकेतल्या पोराचा व्हिसा अडकतो.’ खापरखेड्यात हे इतक्या खात्रीनं सांगितलं जातं की आता संताप येतो. कारण अशा बोलण्यानं घाबरून मागे सरतो तो माजी सैनिक. बँकेत किंवा कॅश व्हॅनवर गनमॅनचं काम हवं असेल, तर अनेक ठिकाणी आधी विचारतात, स्वतःचा परवाना आहे का?

अर्ज जातो कुठे, ते पाहू. खापरखेडा नागपूर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत, म्हणून अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. शस्त्र कायदा १९५९, कलम १३ प्रमाणे ते पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. परवान्याची नोंद केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय यादीत होते. इमिग्रेशन ब्युरोही याच मंत्रालयाखाली आहे, आणि ‘बघा, खातं एकच!’ म्हणणाऱ्यांना तेवढंच पुरतं. अहो, पण ज्यावर व्हिसा लागतो तो पासपोर्ट कोणत्या कारणांनी नाकारता येतो हे पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६ मध्ये लिहिलेलं आहे. कोर्टात फौजदारी खटला चालू असणं, मागच्या ५ वर्षांत किमान २ वर्षांची शिक्षा झालेली असणं, अशी ती कारणं. बंदुकीचा परवाना त्यात कुठेच नाही. लुकआउट सर्क्युलर, म्हणजे परदेशी जाताना अडवण्याची सूचना, हीसुद्धा मुख्यतः दखलपात्र गुन्ह्यातल्या माणसासाठी निघते, परवाना मागणाऱ्यासाठी नाही. घोळ होतो तो बहुधा पडताळणीमुळे. परवाना आणि पासपोर्ट, दोन्हींची चौकशी एकाच ठाण्यातून होते, पण एक अहवाल परवान्यासाठी जातो आणि दुसरा पासपोर्ट कार्यालयासाठी.

अमेरिकेत मात्र बंदूक आणि इमिग्रेशनचा असा संबंध खरा आहे, आणि अफवा तिथल्याच बातम्यांतून आली असावी. तिथे दुकानातून बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर नागरिकत्व लिहावं लागतं. ग्राहक परदेशी असेल तर एफबीआयची यंत्रणा इमिग्रेशनच्या नोंदीही तपासते. नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावरच्या पोराला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. पण हे बंधन तिथे राहणाऱ्या पोरावर आहे. खापरखेड्यातल्या बापाच्या अर्जाशी त्याचा काय संबंध?

बाप स्वतः अमेरिकेला निघाला तर एक लक्षात ठेवावं. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात शस्त्रांचं प्रशिक्षण घेतलंय का, असा प्रश्न असतो. फौजेत होतो, हे तिथे सरळ लिहावं. खरी अडचण होते ती लपवाछपवीनं. खोट्या माहितीवरून व्हिसा कायमचा बंद होऊ शकतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. शेती नाही म्हणून परवाना मिळत नाही, हे चूक. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही, असं कलम १४ सांगतं, आणि नकाराविरुद्ध कलम १८ खाली अपील आहे. सामान्य परवानाधारकाला तीन बंदुका चालतात, हेही आता जुनं झालं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच. आणि परवाना आहे म्हणून विमानात हँडबॅगेत काडतूस चालत नाही. विसरून राहिलेलं एक जरी तपासणीत सापडलं, तरी प्रकरण पोलिसांकडे जातं.