फोर-व्हीलचा दिवा लुकलुकतो? ट्रान्सफर केस उतरवण्याआधी तारा तपासा



विहिरीवरची मोटार सुरू होईना, तर आपण काय करतो? लगेच चेनपुली लावून पाणबुडी मोटार वर काढत नाही. आधी लाइट आहे का ते पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबलचा सांधा. हे सगळे ठीक निघाले, तरच मोटार वर काढायची. कारण ती काढायला माणसे लागतात, पैसे लागतात आणि दिवसभर रान कोरडे राहते. हा शहाणपणा आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

पण दारातली फोर-व्हील गाडी अडली, की हाच शहाणपणा आपण बाजूला ठेवतो. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतो, कोणीतरी सांगते, "ट्रान्सफर केस गेली, खाली उतरवावी लागेल," आणि आपण मान डोलावतो. खरे म्हणजे बटनाने चालणाऱ्या फोर-व्हील गाडीत दोष पुष्कळदा लोखंडात नसून तारेत, सांध्यात किंवा फ्यूजमध्ये असतो. तो शोधण्याचा क्रम या लेखात दिला आहे. गाडी स्वतः दुरुस्त करता आली नाही, तरी गॅरेजमध्ये काय विचारायचे हे आपल्याला नक्की कळेल.

फोर-व्हील हवी कशाला?

कुरकुंभ गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे, आणि दौंड-बारामती रस्ताही इथूनच जातो. डांबरी रस्त्यावर मागच्या दोन चाकांची ताकद पुरते. पण माळावरून भीमेच्या अंगाला उतरावे, उसाच्या रानातल्या वस्तीवर जावे, की पावसाळ्यात काळी माती चाकाला काकवीसारखी चिकटते. नदीपलीकडे शिरूरच्या बाजूलाही तीच गत. भर पावसात, रात्री-अपरात्री वस्तीवरच्या बाळंतिणीला किंवा साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचे असेल, तेव्हा पुढची चाके ओढतात की नाही, यावर सगळे अवलंबून असते. म्हणून हा दिवा लुकलुकू लागला, तर 'पाहू पुढे' म्हणू नये.

दांडा गेला, बटन आले

महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दांडे असत. ते हाताने ओढले की पुढची चाके जोडली जात. त्यात विजेचा संबंध नव्हता. २००२ साली बाजारात आलेल्या स्कॉर्पिओच्या फोर-व्हील गाड्यांत दांड्याच्या जागी फिरवायचे बटन आले. थारमध्ये मात्र दांडाच राहिला. आपल्या गाडीत दांडा असेल, तर पुढच्यापैकी थोडेच आपल्याला लागू पडेल. बटन असेल, तर सगळेच लक्षपूर्वक वाचावे.

बटनावर साधारण तीन खुणा असतात. २एच म्हणजे मागची दोन चाके, ४एच म्हणजे चारही चाके नेहमीच्या वेगाने, आणि ४एल म्हणजे चारही चाके अगदी कमी वेगाने पण मोठ्या ताकदीने. बटन फिरवले की निरोप कंट्रोल युनिटकडे जातो. ती पेटी गाडीचा वेग, क्लच, न्यूट्रल हे पाहते आणि ट्रान्सफर केसवर बसवलेल्या छोट्या मोटारीला क्षणभर वीज देते. मोटार आतला दांडा फिरवते. दांडा जागेवर आला, हे मोटारीजवळचा सेन्सर पेटीला कळवतो आणि दिवा स्थिर होतो. म्हणजे पूर्वी हाताने व्हायचे ते काम आता बटन, पेटी, मोटार आणि सेन्सर असे चौघे मिळून करतात. चौघांना बांधणाऱ्या तारा गाडीच्या पोटाखालून, चिखलपाण्यातून जातात. दुखणे बहुधा तिथेच सुरू होते.

आधी खात्री करा : दोष विजेचाच आहे ना?

बदल होत असताना दिवा काही सेकंद लुकलुकणे हा दोष नाही. तो लुकलुकतच राहिला, तर दोष समजावा.

कोरड्या डांबरी रस्त्यावर ४एच लावून गाडी चालवू नये. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते, आणि घट्ट रस्त्यावर चाक घसरत नसल्यामुळे सगळा ताण दांड्यांवर साठतो. मग बटन २एचवर आणूनही चाके सुटत नाहीत. अशा वेळी गाडी सरळ रेषेत काही फूट मागे घ्यावी, ताण सुटतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत. काही गाड्यांत पुढचा ॲक्सल व्हॅक्यूमने जोडला जातो. तिथली रबरी नळी फाटली, तरी दिवा असाच त्रास देतो.

स्वस्तापासून महागाकडे

पहिली बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर भरलेली, १२.२ च्या आसपास तर अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसावेत. बॅटरी मरगळलेली असेल, तर कंट्रोल युनिट भलतेसलते दोष दाखवते. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्याने धुऊन, कोरडा करून घट्ट आवळा.

दुसरा फ्यूज. गाडीच्या पुस्तकातला नकाशा पाहून फोर-व्हीलचा फ्यूज काढा. नुसत्या डोळ्यांनी नव्हे, मीटरने तपासा. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. स्टार्टरच्या फ्यूजला तार बांधायची सवय इथे आणू नये. फ्यूजऐवजी तार जळते आणि गाडीला आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच जळला, तर कुठेतरी तार सोलून पत्र्याला टेकली आहे असे समजा.

तिसरी अर्थ. कंट्रोल युनिटची अर्थ तार जिथे पत्र्याला आवळली आहे, तिथे रंग किंवा गंज असेल तर वीज परत जात नाही. किल्ली चालू करून बटन फिरवताना मीटरची एक तार त्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. आकडा शून्याजवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर सांधा खरवडून पुन्हा आवळा.

चौथा ट्रान्सफर केसवरचा सांधा, म्हणजे कनेक्टर. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून मग तो उघडा. पाणी, चिखल, पिनांवर हिरवट चढ, वाकलेली पिन, यांपैकी काय दिसते ते पाहा. पेट्रोल-डिझेलने न धुता कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या आणि विजेच्या सांध्याचे ग्रीस लावून घट्ट बसवा. इथून वर जाणारी तार हाताने चाचपत जा. कुरकुंभजवळच्या एका बागायतदारांच्या गाडीची ट्रान्सफर केस उतरवायचे ठरलेच होते. त्यांनी आधी तारा पाहायला लावल्या, तेव्हा उंदराने कुरतडलेल्या दोन तारा निघाल्या. गाडी कडब्याच्या गंजीला टेकून उभी असे. तारा नीट जोडून त्यांवर नळी चढवली आणि दिवा शांत झाला.

मोटारीची खरी परीक्षा

येथपर्यंत सगळे ठीक असेल, तर मोटार पाहायची. याला दोन माणसे लागतात, आणि माहितगार मिस्त्री सोबत असलेला बरा.

गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. हे फार महत्त्वाचे आहे. बदल अर्धवट राहिला, तर ट्रान्सफर केस मधल्या मोकळ्या जागी अडकू शकते. मग गाडी गिअरमध्ये असूनही उतारावरून निघून जाते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

सोडलेली बॅटरी पुन्हा जोडा. कनेक्टर लावलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने, बारीक पिनेने मीटर मोटारीच्या दोन तारांना लावा. तारेच्या अंगाला टोचू नका, त्या भोकातून पुढे पाणी शिरते. आता दुसऱ्याने किल्ली चालू करून बटन २एचवरून ४एचवर फिरवावे. वीज क्षणभरच येते, म्हणून नजर मीटरवर ठेवा. उलट बदल करताना आकड्यापुढे उणे चिन्ह येईल. ते बरोबरच आहे, कारण मोटार उलटी फिरते. जे दिसेल त्याचा अर्थ असा :

• सुमारे १२ व्होल्ट आले, पण मोटार हलली नाही : मोटार बिघडली आहे किंवा आतला दांडा अडकला आहे. मोटार सोडवून बाहेर तपासावी. कार्बन ब्रश झिजणे किंवा पाण्याने गंजणे हे नेहमीचे दोष.
• काहीच व्होल्ट आले नाहीत : दोष मोटारीच्या अलीकडे, म्हणजे तार, बटन किंवा कंट्रोल युनिटमध्ये आहे.
• कनेक्टर सुटा असताना १२, जोडल्यावर ५-६ : वाटेत सांधा सैल किंवा तार कुजलेली. विहिरीच्या केबलचा सांधा असाच फसवतो.
• मोटार फिरल्याचा आवाज येतो, तरी दिवा लुकलुकतो : जागा सांगणारा सेन्सर किंवा त्याच्या तारा पाहा.
• ४एच लागते, ४एल लागत नाही : मोटारीला दोष देऊ नका. गाडी पूर्ण थांबवून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे क्लच दाबून, न्यूट्रलमध्ये बदल करा. तरीही न लागल्यास क्लचच्या पायाजवळचा स्विच आणि वेगाचा सेन्सर तपासा.

सेन्सरच्या आणि पेटीच्या तारांना बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नये. नाजूक भाग जळतो. तिथे डिजिटल मीटरच वापरावा.

गॅरेजमध्ये काय विचारावे

स्कॅनर लावून दोषाचा कोड काढून घ्या आणि पुसण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवा. मात्र कोड हा दोष कोणत्या वाटेवर आहे एवढेच सांगतो. मोटारीच्या वाटेचा कोड आला, म्हणजे मोटारच गेली असे नाही. म्हणून तीन प्रश्न विचारा : मोटारीपाशी किती व्होल्ट आले? अर्थ तपासली का? कनेक्टर उघडून पाहिला का? तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय नवा भाग बसवू देऊ नका. बसवलाच, तर जुना भाग परत मागून घ्या. कंट्रोल युनिट बदलणे हा अगदी शेवटचा उपाय. ट्रान्सफर केस उघडायची ती आत खडखड होत असेल, तेल गळत असेल किंवा मोटार चांगली असूनही दांडा हलत नसेल, तेव्हाच.

आपणही एक वहीचे पान राखावे. दिवा कधी लुकलुकला, पावसात की गाडी धुतल्यावर, थंड असताना की तापल्यावर, हे घरात जो कोणी गाडी चालवतो त्याने लिहावे. मिस्त्रीचे निम्मे काम तिथेच होते.

दुखणे येऊच नये म्हणून

महिन्यातून एकदा कच्च्या, सरळ रस्त्यावर ४एच लावून थोडे अंतर गाडी चालवा. वर्षभर न हललेली मोटार आयत्या वेळी हलत नाही. पोटाखाली धुताना पाण्याचा जोराचा फवारा थेट कनेक्टरवर मारू नका. गाडीला हूक किंवा कॅरिअर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडवा, नाहीतर कंट्रोल युनिटला धोका पोहोचतो. जादा दिवे आणि हॉर्न यांचे जोड फोर-व्हीलच्या तारांतून घेऊ नका. गाडी कडब्यापासून आणि धान्याच्या पोत्यांपासून दूर उभी करा.

मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी एक सकाळ या कामासाठी काढा. बॅटरी, फ्यूज, अर्थ आणि कनेक्टर एवढे चारच पाहायचे आहेत. एक साधा मीटर घरात असला, तर तो गाडीला आणि विहिरीवरच्या स्टार्टरलाही उपयोगी पडेल.